मरियेचा झडलेला चेहरा

सोनगीरचा लोटन पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ट्रकच्या मागं मोर काढायचा. चाळिशीला आला तेव्हा, १९८७च्या उन्हाळ्यात, धुळ्याच्या एका चर्चच्या फादरांनी त्याला बोलावलं. क्रुसावरून उतरवलेला येशू आईच्या मांडीवर निपचित पडलाय, असं मोठं जुनं चित्र तिथं भिंतीवर होतं. ओलीनं मरियेचा चेहरा पार झडून गेला होता.

“कसा काढू?” लोटननं विचारलं.

“पोटचा गेलेल्या आईसारखा,” फादर म्हणाले.

भरदुपारी रिकाम्या चर्चमध्ये लोटन शिडीवर चढला. कॅलेंडरातल्या देवीसारखा गोल, शांत चेहरा त्याच्या मनात होता. हात मात्र भलतीकडेच वळला. खाली उतरून पाहतो तर भडगावला दिलेली त्याची थोरली बहीण, कुंदाबाई! डोळे कोरडे, ओठ घट्ट मिटलेले. टर्पेंटाइननं त्यानं चेहरा पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. तिसऱ्या दिवशी एका नर्सबाईचा फोटो समोर ठेवून काढलं, तरी तीच. आता तर जेमतेम सतरा वर्षांची. एवढ्या वयाची अक्का त्याला आठवतही नव्हती.

अक्काला दोन तरणेताठे मुलगे. त्यातल्या एखाद्याला काही झालं तर नसेल? रंगाचे हात न धुताच त्यानं भडगावची एसटी धरली.

दोन्ही भाचे ओसरीवर जेवत होते. ते शेतात गेल्यावर लोटननं सगळं सांगितलं. निवडायला घेतलेली ज्वारी कुंदाबाईच्या मुठीत तशीच राहिली.

“या दोन्ही पोऱ्यास्ना पहिले एक आंडोर व्हता, भाऊ,” ती म्हणाली. “बाळंतपनले मी सोनगीरले येल व्हतू. तीन दिनना व्हयीसन गया. माय बोलनी, रडू नको, पुढली कूस बिघडी. मी रडनू नही. तू कोपरामा बशेल व्हता, पाच वरीसना. मना तोंडाकडेच दखी राह्यंता.”

लोटननं चेहरा तसाच ठेवला. पुढच्या आठवड्यात कुंदाबाई डोक्यावर पदर घेऊन चर्चमध्ये आली. मांडीवरच्या मुलाकडे बराच वेळ पाहत राहिली.

“याले नाव व्हतं?”

“होतं,” फादर म्हणाले.

“मना आंडोरले बारसंबी नही लाभनं.”

ती खाली बसली आणि तिनं टाहो फोडला. फादर लोटनला घेऊन बाहेर आले, दार ओढून घेतलं. आत अक्का कुणाला तरी नावानं हाका मारत होती. ते नाव लोटननं कधीच ऐकलं नव्हतं.