सहा कॉम्प्युटर, एक फोनलाइन

लोक जिथे घाबरत घाबरत पायरी चढतात, तिथे किस्से आपोआप साठतात. डॉक्टरांकडे साठतात, वकिलांकडे साठतात, आमच्याकडेही साठले. मी आणि माझा मित्र विलास, आम्ही गंगापूर रोडला सायबर कॅफे काढला तेव्हा कॉम्प्युटर सहा होते आणि फोनलाइन एकच. नेट लागेपर्यंत मोडेम किंचाळायचा आणि गिऱ्हाईक आमच्या तोंडाकडे बघत बसायचं.

*

जोशीकाका ओझरच्या कारखान्यात विमानं तपासायचे, तिथूनच रिटायर झाले. मुलाने पुण्याहून आग्रह केला म्हणून ईमेल उघडायला आले. पासवर्ड टाकायची वेळ आली आणि हात थांबला. अक्षर दाबलं की पडद्यावर नुसती चांदणी उमटत होती. तीनदा खोडलं, चष्मा पुसला, मग कपाळ पुसलं. विलासने समजावलं की अक्षर आत बरोबर गेलंय, तुम्ही फक्त ओके करा.

काका उठलेच. "तीस वर्षं विमानं तपासली. जे डोळ्यांना दिसलं नाही, त्याला मी कधी ओके म्हटलं नाही."

*

जवळच्या एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर आम्हीच सांभाळायचो. दोन हजार साल लागताना हवा अशी होती की मशीन शंभर वर्षं मागे जाणार. तिथले मॅनेजर देवरेसाहेब महिनाभर धड जेवत नव्हते. एक जानेवारीला सकाळीच आम्हाला बोलावलं. सगळा स्टाफ भिंतीला टेकून उभा. विलासने बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, तारीख आली. बरोबर होती. सगळं उघडून पाहिलं, काहीही बिघडलेलं नव्हतं.

साहेबांनी सुस्कारा सोडला, हजेरीपट ओढला, सही केली आणि तिच्याखाली स्वतःच्या हाताने तारीख घातली, १-१-१९००.

*

बारावीचा निकाल. नामपूरहून पहिल्या एसटीने वडील आणि मुलगी आले होते. दोन तास साइट उघडेना. अखेर उघडली, विलासने नंबर टाकला. अनुत्तीर्ण. वडिलांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. मुलगी मात्र पुढे वाकून पडदा वाचत राहिली. मग म्हणाली, "हे नाव माझं नाय."

विलासने घाईत कागदावरचा एक सात म्हणून वाचला होता. पुन्हा टाकला. फर्स्ट क्लास.

वडिलांनी टॉवेल खाली घेतला आणि विलासकडे पाहिलं. "भाऊ," ते म्हणाले, "तुमले कोनी पास करं?"

*

सुलभाताई आमच्या समोरच्या सोसायटीतल्या, रिटायर्ड शिक्षिका. त्यांची मुलगी अमेरिकेत सातव्या महिन्यातच बाळंत झाली, बाळ काचेच्या पेटीत ठेवलं होतं. जावई फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणायचे, पण त्यांचा आवाज ठीक नसायचा. शेवटी त्यांनी फोटो पाठवला.

तेव्हा फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचा. आधी दिवा दिसला. मग नळ्या. मग लोकरीची टोपी, कपाळ, मिटलेले डोळे. आणि लाइन कटली.

ताई टेबलाची कड धरून त्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. बाळ नुसतं झोपलंय ना, हे विचारायचं धाडस आमच्यात कुणालाच नव्हतं. बाकीच्या पाचही गिऱ्हाइकांनी न सांगता आपापली कामं बंद केली, म्हणजे सगळा स्पीड ताईंना मिळावा.

पुन्हा नेट लावलं. फोटो पुन्हा पहिल्यापासून. दिवा, नळ्या, टोपी, डोळे. मग ओठ. छातीवरची चिकटपट्टी. आणि अगदी तळाशी एक इवलीशी मूठ, आईचं बोट घट्ट आवळून धरलेली.

विलासने हळूच विचारलं, प्रिंट काढू का?

"काढ," ताई म्हणाल्या. "पण आधी परत एकदा वरून आण. सावकाश येऊ दे."