मधली रिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दारूच्या नशेत दोस्तांना नाही, देवळात हात जोडून मनातल्या मनातही नाही – तिथेही मी तब्येत बरी ठेव, धंदा चालू दे, एवढंच म्हणून परत येतो. आज का सांगतोय? माहीत नाही. पोटात राहत नाही, एवढं खरं.

लोक काय सांगतात ते आधी ऐका. अंबाडी नाक्यावर कुणालाही विचारा, मिस्त्रीने मेव्हण्याचा जीव कसा वाचवला. सांगतील की, चहा पाजून सांगतील. वडपे गावच्या शेठची माणसं सुदामला मारायला आली होती, मिस्त्रीने डोकं चालवलं, त्यांच्या आधी स्वतःच त्याला चार ठेवून दिल्या, त्यांचा राग उतरला आणि पोरगा जिवंत राहिला. ही गोष्ट मी पसरवली नाही. पसरत होती तेव्हा मान खाली घालून ऐकत राहिलो – त्यात काय फरक पडतो, तुम्हीच सांगा.

सुदाम माझ्या बायकोचा, मंदाचा, धाकटा भाऊ. पाना धरायला त्याला मीच शिकवलं. गॅरेजच्या पाटीवर नाव माझं, पण गाडी लावली की गिऱ्हाईक आधी विचारणार, सुदाम हाय का? तोंडाचा फाटका माणूस. दिवसभर शिट्टी, दिवसभर कुणाची ना कुणाची खेचणं, स्वतःची तारीफ तर विचारूच नका. पण इंजिन खोललं की पिस्टनच्या रिंगा त्यानेच बसवायच्या, हे आमच्याकडे ठरून गेलं होतं. रिंग दिसते बांगडीसारखी, पण बिडाची. जरा जास्त फाकवली की कडकन तुटते. त्याच्या बोटांना ते जमायचं. मला म्हणायचा, "दाजी, तुमचा हात रिंगेचा नाय, घणाचा हाय." सगळे हसायचे. मीही हसायचो आणि आतून असा जळायचो की काय सांगू! साला, माझ्या जिवावर शिकला आणि मलाच...

बघा, अजूनही राग येतो. लाज वाटायला पाहिजे.

आणखी एक होतं. मला जवळचं दिसेनासं झालं होतं. पान्यावरचा नंबरसुद्धा हात लांब करून वाचायचो. चष्मा घ्यायचा तर सुदाम काय काय बोलेल, या भीतीने घेतला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी! हसू नका.

वडप्याच्या शेठकडे बापाची जुनी पेट्रोल जीप होती. जमिनीवर गोदामं उठली, दारात चार नव्या गाड्या आल्या, पण ती जीप काही त्याने विकली नाही. मुलाचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी नवरदेवाला देवाच्या पाया पडायला त्याच जीपमधून न्यायचं, बॉनेटवर बापाचा फोटो लावून – असं त्याच्या मनात होतं. इंजिन धूर मारत होतं, म्हणून आम्ही पूर्ण खोललं. नवे पिस्टन, नव्या रिंगा. शेठचा मला फोन आला : रिंगा सुदामच्याच हातच्या पाहिजेत. मला फोन करून!

त्या दिवशी हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट चुकीचं आलं, ते बदलायला सुदाम भिवंडीला निघाला. जाताना सगळ्यांसमोर म्हणाला, "रिंगांना हात लावू नका हां दाजी, मी येतो." चेष्टाच होती ती. पण माझ्या गॅरेजात मलाच हात लावू नका? मी उठलो आणि बसवायला घेतल्या.

एका पिस्टनवर तीन रिंगा असतात. मधल्या रिंगेचं काम तेल खरवडून खाली ढकलायचं. तिच्या एका बाजूला मोहरीएवढा ठिपका असतो, तो वर राहिला पाहिजे. उलटी बसली की तीच रिंग तेल वर ओढते. हे मला येत नव्हतं का? चांगलं येत होतं. ठिपका दिसत नव्हता. नख फिरवून बघितलं, खरखरीत लागलं ती बाजू वर धरली. अंदाजपंचे. चारही पिस्टन ब्लॉकमध्ये उतरवले आणि मिशीवर हात फिरवत चहा मागवला.

सुदाम आला, बघितलं, त्याची शिट्टी थांबली. ठिपका वर आहे ना, म्हणाला. एक पिस्टन काढून बघू का, म्हणाला. मी त्याच्या मेलेल्या बापावरून शिवी दिली. माझ्याच सासऱ्यावरून. तो हेड बंद करायला लागला. गाडी न्यायला शेठ आला, त्याने विचारलं, "सुदामनेच बसवल्या ना?" मी म्हणालो, त्यानेच. सुदामने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नारळ फोडायला गेला.

बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही. त्यांच्या घरात ते लहानपणापासून शिकवलेलं. बहीण ज्याच्या घरात नांदते त्याची मान खाली जाऊ द्यायची नाही. मला ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी इतक्या आरामात खोटं बोललो.

हळदीच्या दिवशी जीप निघाली. मागे बेंजो पार्टी, पोरं नाचतायत, नवरदेव पिवळाधमक. नाक्याच्या अलीकडे मागून निळा धूर सुटला. असा सुटला की बायका पदराने नाक धरून बाजूला झाल्या. मग प्लग तेलाने भिजले आणि इंजिन भर रस्त्यात बंद पडलं. पोरांनी धक्का मारला, कुणीतरी व्हिडिओ काढला, लोक हसले. बापाच्या फोटोसकट जीप दोर लावून माझ्या दारात ओढत आणली.

निळा धूर म्हणजे तेल जळतंय, तेल जळतंय म्हणजे रिंगा. दोर सुटायच्या आधीच मला कळलं होतं. म्हणजे त्यानंतर मी जे केलं ते गैरसमजातून केलं, असं समजू नका.

शेठबरोबर सहा-सात जण होते. कुणाच्या हातात दांडका, कुणाच्या हातात रस्त्यावरचा दगड. एकाने आल्या आल्या माझ्या कॉलरला हात घातला. आणि सुदामने तोंड उघडलं, "दाजी, तुम्ही..." एवढंच. पुढे काय म्हणणार होता? तुम्ही बाजूला व्हा? तुम्ही आत जा? का, तुम्ही बसवल्या होत्या? मी थांबलोच नाही ऐकायला. व्हीलपाना हाताशी होता. तो उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला.

जबडा मोडल्याचा आवाज झाला. तो ऐकून मी थांबलो असतो तर आज म्हणता आलं असतं, घाबरलो होतो हो, एक फटका बसला. पण मी थांबलो नाही. तो खाली पडला, डोक्यावर उजवा हात धरला त्याने, आणि मी त्या हातावर मारलं. परत त्याच हातावर. डोक्यावर मारता आलं असतं, पाठीवर, पायावर – मी हातच बघून मारत होतो. "रिंगा बसवतोस? बसव रिंगा! बसव!" असं ओरडत होतो म्हणे. म्हणे कशाला, मला आठवतंय. रक्त ऑइलमध्ये मिसळून फरशीवर पसरलं, माझा पाय घसरला, तरी उठून मारलं.

आणि मला बरं वाटत होतं. हे सांगायला जीभ धजत नव्हती. हाड मोडताना मला बरं वाटत होतं.

शेवटी शेठच ओरडला, "अरे मिस्त्री, बस कर! मरंल तो!" मारायला आलेल्या माणसांनी मला धरून मागे ओढलं. त्यांचे दांडके हातातच राहिले. त्यातलाच एकजण सुदामच्या तोंडात पाणी घालत होता. बघा काय वेळ.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून मी एकट्याने इंजिन खोललं. शेजारच्या टायरवाल्याचा चष्मा मागून आणला होता. चारही मधल्या रिंगा उलट्या. नव्या आणून नीट बसवल्या. जीप संध्याकाळच्या वऱ्हाडात झक्क चालली. शेठ खुश होऊन म्हणाला, मालकाचा हात तो मालकाचा हात. मी काय केलं? हसलो.

सुदामच्या जबड्याला तार बांधली होती, तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात मंदा डबा धुवायला बाहेर गेली. तो दातातल्या दातात बोलला, मला नीट कळेना, म्हणून वाकलो. "ताईला सांगू नका, दाजी. तिला कळलं तर ती तुमच्या घरात ऱ्हायची नाय." मला रडू यायला हवं होतं, नाही का? हायसं वाटलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा भूक लागली. खाली जाऊन वडापाव खाल्ला.

त्याची दोन बोटं सरळ झाली नाहीत. वडप्याला एका गोदामाच्या गेटवर वॉचमन आहे आता. शिट्टी वाजवता येत नाही, ओठ एका बाजूला ओढलेला राहतो.

मंदा मला मानते. शेजारणीला सांगते, आमच्या ह्यांनी काळजावर दगड ठेवून मारलं, नाहीतर माझा भाऊ दिसला नसता. भावाला मात्र बोलते. कामात लक्ष नसायचं तुझं, सारखी मस्करी, भोगलंस. तो ऐकून घेतो.

यंदाच्या भाऊबीजेला तो आला. तिने पाट मांडला, ओवाळलं, त्याने ताटात वाकड्या बोटांनी नोट ठेवली, ती खाली पडली, परत उचलून ठेवली. मग मंदा म्हणाली, "आधी दाजींच्या पाया पड. आज हायस तो त्यांच्यामुळं." मी खुर्चीवर होतो. उठता आलं असतं. नको गं, म्हणता आलं असतं. सुदाम पाटावरून उठला, माझ्यासमोर आला, वाकला. ती दोन बोटं माझ्या पायाला टेकली नाहीत, टेकू शकत नाहीत, बाकीची टेकली. मंदा निरांजन हातात घेऊन कौतुकाने बघत होती.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा, म्हणालो.