गरम पायाला शर्यत नाही

मास्तर निवृत्त झाले तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. जिंकलेल्या शर्यतींचा आकडा आला, हॅट घातलेला जुना फोटो आला आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव' असे शब्द आले. ते वाचून माझं डोकं फिरलं. मी नालबंद माणूस. लोखंड ठोकणं माझा धंदा, लिहिणं नव्हे. पण सव्वीस वर्षं त्यांच्या तबेल्यातल्या घोड्यांना मीच नाल मारले आणि ते प्रकृतीचं कारण माझ्या डोळ्यांसमोर घडलं, म्हणून सांगतो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शर्यतीच्या घोड्यांचे ट्रेनर. बाप मोतद्दार, घोड्यांचा खरारा करण्यात जन्म गेला त्याचा. मास्तर तिथूनच वर चढले. चाळीस घोडे, अकरा मालक, चषकांनी भरलेली दोन कपाटं. लोक विचारायचे, एवढं यश कशात आहे? खुराकात? जॉकीत? मास्तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. खरं तर लपवण्यासारखं काही नव्हतंच. रोज पहाटे साडेचारला ते एकेका घोड्यापाशी उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि गुडघ्याखाली, नळीच्या मागची शीर वरून खाली चाचपायचे. चाळीस घोडे, चारही पाय. शिरेत काही बिघडलं की आधी ऊब येते. सूज, लंगडणं सगळं नंतर. ती ऊब डॉक्टरच्या आधी दोन दिवस मास्तरांच्या तळव्याला कळायची. मग मालक कितीही मोठा असो, घोडा बाहेर. "गरम पायाला शर्यत नाही," एवढंच बोलायचे. चौतीस वर्षांत त्यांचा एकही घोडा मैदानावर पाय मोडून पडला नाही. हे कुणी छापलं नाही.

घर तबेल्याच्या वरच, दोन खोल्यांचं. बायको हसतमुख बाई. मला चहा देताना म्हणायची, "भावजी, मला चार पाय असते तर यांनी रोज माझीही चौकशी केली असती." आम्ही हसायचो, मास्तरही हसायचे. पुढे तिला ताप भरला. पाच दिवस तिने अंगावर काढला आणि पाचही दिवस मास्तर तिच्याच हातचा चहा पिऊन खाली येत होते. सहाव्या दिवशी दवाखाना, आठव्या दिवशी ती गेली. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिने बापाला एकदाच विचारलं, "घोड्याच्या पायाची ऊब कळते तुम्हाला. आईच्या अंगाची नाही कळली?" पुढे ती दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. रविवारी फोन करायची, पाच मिनिटं. घोडे कसे आहेत, विचारायची. मास्तर सांगायचे, बरे आहेत.

त्यानंतर मास्तर एकटे राहिले ते राहिलेच. जेवण उभ्यानेच, खिडकीपाशी, तबेल्याकडे बघत. टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर जुन्या लगामांचा ढीग. मला चीड यायची. "मास्तर, एकदा पोरीकडे जाऊन या," मी म्हणायचो. "हा मोसम होऊ दे." मोसम काही संपायचा नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते मला ठाऊक होतं. ते गेले तर पहाटे पाय कोण बघणार?

सगळ्या मोठ्या शर्यती मास्तरांनी मारल्या होत्या, एक सोडून. ती मारायला शेवटी तांबडी घोडी आली. सत्तरीच्या मास्तरांना तिच्याकडे बघत शीळ घालताना मी ऐकलंय. शर्यत तीन दिवसांवर आली. म्हणतात ना, घोडामैदान जवळच होतं.

तिला शर्यतीचे हलके नाल बसवायचे म्हणून मी तिचा पुढचा डावा पाय उचलला आणि माझा हात तिथेच थांबला. खुराच्या वर, शिरेवर ऊब होती. उजवा बघितला, गार. पुन्हा डावा बघितला.

"मास्तर, डावा गरम आहे."

"मी पहाटे बघितलाय."

"परत बघा."

त्यांनी वाकून हात फिरवला. "काही नाही. उन्हात उभी होती."

"सावलीत बांधली आहे ती!" मी हातोडा आपटला. सव्वीस वर्षांत असा आवाज मी त्यांच्यासमोर चढवला नव्हता. "आंधळ्यालाही कळेल हो हे!"

"तू तुझं काम बघ!" मास्तर गरजले. मला गप्प करायला त्यांनी ऐरणीवरचा नाल उचलला, दुसऱ्या घोड्यासाठी केलेला. डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "हा बघ, केवढा रुंद केलायस."

लोखंडाचा लाल रंग गेला म्हणजे ते निवलं असं नसतं. भट्टीतून काढून त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. मला आधी वास आला. मी ओरडलो आणि सांडशीनेच तो त्यांच्या हातातून उडवला. मास्तर हाताकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी का ओरडलो, ते त्यांना कळलंच नव्हतं.

बादलीतल्या पाण्यात त्यांचा हात धरून मी विचारलं, "कधीपासून?"

"दीड वर्ष. साखरेमुळे, डॉक्टर म्हणाला. आधी बोटांची टोकं गेली."

"आणि रोज पहाटे मग काय करता?"

"हात फिरवतो," मास्तर म्हणाले. "लोक बघत असतात ना."

दीड वर्ष हा माणूस चाळीस घोड्यांपुढे नुसता डोळे मिटून बसत होता. ते सांगायला त्यांना जगात एकही माणूस नव्हता, आणि मी रोज दहा हातांवर खूर तासत होतो. मला माझीच लाज वाटली.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "पहाटे तू येत जा. तू बघ, मला नुसती खूण कर. कुणाला कळणार?"

खोटं कशाला बोलू, मी हो म्हणणार होतो. तबेला गेला की या माणसाकडे उरतं काय, हे मला दिसत होतं. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच मान हलवली. "नको. एखाद्या पहाटे तू आजारी पडशील, आणि मी तरीही हात फिरवीन."

त्यांनी मालकाला फोन लावला. माझ्यासमोरच. "घोडीचा पाय गरम आहे, शर्यत नाही. मला कळला नाही, नालबंदाला कळला. माझे हात गेलेत." डॉक्टरने तपासलं, ऊब निघाली. मालकांनी मास्तरांना एक वाकडा शब्द ऐकवला नाही. महिन्याभरात सगळे आपापले घोडे दुसरीकडे घेऊन गेले, हात जोडून, आदराने.

मुलीला मीच कळवलं. ती एका दिवसासाठी आली. लगाम खाली ठेवून त्या दुसऱ्या खुर्चीवर बसली म्हणे. ती गेल्यावर मी वर गेलो. मास्तर तसेच बसून होते, पट्टी बांधलेला उजवा हात मांडीवर, डावा टेबलावर.

"बोलली का काही?" मी विचारलं.

"फार नाही. मी पण खिडकीतून बाहेर बघत होतो. सगळी ठाणं रिकामी, बघवत नाही रे." ते थांबले. "सहज खाली बघितलं, तर तिने माझा हा हात धरला होता. दोन्ही हातांत. कधीपासून धरला होता कुणास ठाऊक. मी बघितलं तेव्हा ती सोडत होती."