मधली पन्हळ

हे मी कित्येक वर्षे कुणालाही सांगितले नव्हते — घरी नाही, देवासमोरही नाही. माझ्या चुकीचे खापर मी दुसऱ्याच्या माथी फुटू दिले, आणि तो माणूस रोज माझ्यासमोर बसून चहा पीत राहिला.

याकूबभाई आणि मी भिवंडीजवळ कामतघरला भागीदारीत लूमच्या शेडची छपरे उभारत असू. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हिमाचलच्या ठाकूरसाहेबांचे काम आले — डोंगरावर, लोकरीच्या मागांसाठी शेड. नकाशा मी काढला. कसा काढणार? भिवंडीत काढतो तसाच: जोडीने दोन छपरे, बेताचा उतार, सिमेंटचे पत्रे, आणि दोन्हींचे पाणी घेणारी मधली पन्हळ. आमच्या पावसात ती कधी दगा देत नाही.

याकूबभाईंनी नकाशा निरखून पाहिला. “अरे भाऊ, पाणी वाहतं, बर्फ बसतो. मधी पन्हळ म्हंजे त्याला पाळणाच दिलास तू! एकच आढं घे, उतार खडा कर, वर गुळगुळीत लोखंडी पत्रा टाक.”

“तुम्ही बर्फ कुठे पाहिलात? फालुद्यात?” मी म्हणालो. आमचे फिटर हसले. याकूबभाईही हसले. नकाशा माझाच गेला.

पहिल्याच हिवाळ्यात पन्हळीत बर्फ साचून दगड झाला. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या वाकल्या, पत्रे फुटले. शेड बंद होती म्हणून माणसे वाचली. ठाकूरसाहेब संतापून भिवंडीला आले आणि — वयाने मोठे म्हणून असेल — याकूबभाईंवरच बरसले. “चाचा, छत बनाई थी कि परात?”

याकूबभाईंनी माझ्याकडे पाहिले. बोलायला तेवढा अवकाश पुरेसा होता — नव्हता का? मी जमिनीकडे पाहत राहिलो. शेवटी तेच म्हणाले, “नया बनाके देंगे, साहब.”

“इस बार ये नहीं आएँगे,” ठाकूरसाहेबांनी मला बजावले. मी तेही ऐकून घेतले.

एकटा गेलो, आणि याकूबभाई म्हणाले होते तसेच छप्पर उभारले. वळचण भिंतीपासून लांब काढली. घसरता बर्फ कुणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून दार आढ्याच्या टोकाकडच्या भिंतीत ठेवले. पुढच्या हिवाळ्यात मी तिथे होतो. ऊन चढले, पत्र्यातून गुरगुर आली आणि अख्खा थर एका दमात घसरून वळचणीपलीकडे कोसळला. छप्पर ओले, लखलखीत, ताठ! गड्यांनी मला खांद्यावर घेतले. मीही आनंदाने ओरडलो. तो विजय खराच होता — पण कुणाचा?

त्यानंतर डोंगरांतून कामे येत गेली. प्रत्येक छप्पर टिकले. नाव माझे झाले. याकूबभाईंनी त्यांतले एकही पाहिले नाही, आणि मला एका शब्दाने टोचले नाही.

नव्वदीच्या मध्यावर ठाकूरसाहेब दुसऱ्या शेडसाठी भिवंडीला आले. त्यांनी सर्व कामगारांसमोर त्यांच्याकडची मानाची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. टाळ्या झाल्या. याकूबभाई सर्वांत जोराने वाजवत होते. ते मात्र मला सोसले नाही.

मी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो, “साहब, जो छत गिरी वो मेरी थी. जो खड़ी है, वो इनकी है.”

मग त्यांच्याकडे वळलो. इतका ताठ मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो.

“याकूबभाई, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी गप्प राहिलो. चूक माझी होती. मी तुमचा अपराधी आहे.”