जुन्या शहरातली दुबईची शर्यत

ती घटना आजही आठवली की मला हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात दगडही खाल्ले. पण घरी नातवंडं ‘एक केस सांगा’ म्हणून मागे लागतात तेव्हा मी हीच सांगतो. नावं कुणाचीच घेणार नाही. यातले बरेच लोक अजून अकोल्यातच आहेत आणि बाजारात भेटले की नमस्कार करतात.

तेव्हा मी अकोल्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सोमवारची सकाळ होती. हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेवढ्यात जठारपेठेत राहणाऱ्या एक शिक्षिका भेटायला आल्या. वय चाळिशीचं. खुर्चीच्या कडेवर टेकून त्या म्हणाल्या, “साहेब, माझे वडील बिघडत चाललेत.”

“वय काय त्यांचं?”

“सत्तर पूर्ण झाले.”

माझ्या शेजारच्या हवालदाराला हसू आवरेना. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो बाहेर गेला.

बाईंचे वडील तीस वर्षं पुण्याकडे सईस होते. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांना चारा-पाणी करायचं, खरारा करायचा, पहाटे रेसकोर्सवर फिरवायचं, हे त्यांचं काम. बायको आणि मुलगी अकोल्यात. ते वर्षातून दोनदा घरी येत. बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले. गेले काही महिने मात्र दर रविवारी जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालून ते जुन्या शहरात जात आणि संध्याकाळी खुशीत परत येत. विचारलं तर काही सांगत नसत. शेवटी बाईंनी ऑटोतून पाठलाग केला. एका गोदामाच्या मागच्या खोलीत पडद्यावर घोडे पळत होते आणि माणसं ओरडत होती.

“ज्या घोड्यांनी माझ्या आईजवळून नवरा नेला,” त्या म्हणाल्या, “ते घोडे आता अकोल्यापर्यंत आले साहेब. तो अड्डा बंद करा.”

त्यांचं नाव कुठे येणार नाही, एवढा शब्द मी दिला. पण खबर मिळाली म्हणून लगेच धाड घालायची नसते. आधी ती किती खरी आहे ते पाहावं लागतं. पुढच्या रविवारी माझा एक शिपाई साध्या कपड्यांत जाऊन आला. खबर पक्की होती. गोदामवाला ‘दुबईची मोठी शर्यत, लाइव्ह’ म्हणून लोकांना बोलवायचा आणि त्यावर सट्टा घ्यायचा. मोबाइल दारातच टोपलीत ठेवावे लागत. पडद्याला आवाज नव्हता. ‘दुबईहून आवाज येऊन नाही राहिला’ असं सांगून तो स्वतःच माइक हातात घेऊन वर्णन करायचा. शिपायाने मला त्याची नक्कल करून दाखवली, “चार नंबर निंगाला! अरे काय पळून राहिला बावा! सात नंबरले काय झालं, झोपला का बे?”

त्याच्या पुढच्या रविवारी वॉरंट घेऊन, दोन पंच आणि एक बनावट ग्राहक सोबत घेऊन आम्ही दुपारी चार वाजता छापा घातला. आत सोळा माणसं होती. पोलीस म्हटल्याबरोबर पळापळ झाली. एक वजनदार कापड व्यापारी टेबलाखाली शिरला, पण निम्माच मावला. गोदामवाल्याने माइक खिशात कोंबला. पहिल्या ओळीतला एक म्हातारा मात्र जागचा हलला नाही. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हात वर करून म्हणाला, “साहेब, दोन मिन्टं. शेवटचं वळण होऊ द्या.”

शिपायाचा हात बटनाजवळच थांबला. खोटं कशाला बोलू, ती शर्यत आम्ही सगळ्यांनी संपेपर्यंत पाहिली. मग पंचनामा केला. लॅपटॉप, पडदा, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या मुद्देमालात घेतल्या आणि सगळ्यांना ठाण्यात आणलं.

खरी अडचण पुढे होती. गोदामवाला साबणासारखा माणूस, हातात म्हणून येत नव्हता.

“साहेब, आमी घोड्यायचे व्हिडिओ पाहून राहिलो होतो. त्यात काय गुन्हा हाय?”

“आणि या चिठ्ठ्या?”

“गंमत साहेब. कोन पयला येते, त्याची गंमत.”

एकेकाला बोलावलं. जो येईल तो हेच सांगे, गंमत. अशा गुन्ह्यात हे नेहमीचं आहे. हरलेला माणूस तक्रार करत नाही, कारण तक्रार केली की तोही अडकतो. बनावट ग्राहकाच्या जोरावर जुगाराचं प्रकरण उभं राहिलं असतं, पण लंगडं.

शेवटी तो म्हातारा उरला. बाईंचे वडील हेच, हे मी ओळखलं होतं, पण तसं दाखवलं नाही. बाकावर सगळ्यात शेवटी शांत बसून राहणारा माणूस एकतर फार मुरलेला असतो, नाहीतर अगदी निर्दोष. हे मी अनुभवाने सांगतो.

“बाबा, तुम्ही किती लावले?”

“एक पैसाबी नाही. कोनालेबी विचारा.”

“मग जात काहून होते?”

“घोडे पाहाले.” मग ते म्हणाले, “पन साहेब, ते दुबई नाही. पुनं हाय.”

“कशावरून?”

“लावा तो लॅपटॉप. दाखवतो.”

पंचांसमक्ष लॅपटॉप लावला. म्हाताऱ्याचं बोट पडद्यावर फिरू लागलं. “हे वळन पाहा. इथं मी हजार वेळा घोडे फिरवले. आता लोकायकडे पाहा, छत्र्या उघडून बसले हायेत. दुबईत येवढा पानी पडते काय? थांबवा, थांबवा. तो कठड्याजवळ कोन उभा हाय?”

मी चष्मा पुसून वाकलो. खाकी वर्दी, निळी टोपी, काखेत काठी आणि दंडावर तीन फिती. दुबईच्या शर्यतीत आपला महाराष्ट्र पोलिसांचा हवालदार बंदोबस्ताला उभा होता!

मी इतक्या जोरात हसलो की ठाणे अंमलदार धावत आत आला.

“आन शर्यतबी जुनी हाय,” म्हातारे पुढे म्हणाले. कपाळावर पांढरा चांद असलेल्या एका घोडीवर त्यांनी बोट ठेवलं. “ही माही हाय. म्हंजे मालकाचीच, पन जन्मली त्याच दिवशी माय मेली हिची. बाटलीनं दूध पाजून मी वाढवली. आता तिले स्वतःचे पिल्लं झाले. ती आज कशी पळन?”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“दुसऱ्याच रविवारी.”

“मग बोलला का नाही?”

म्हातारे पहिल्यांदाच ओशाळले. “सांगतलं असतं त त्यानं बंद केलं असतं. शर्यत खोटी होती साहेब, पन घोडे त खरेच होते ना!”

मी बाकीच्या सगळ्यांना आत घेतलं आणि तो हवालदार दाखवला. मग कापड व्यापारी कळवळून ओरडला, “म्हंजे तीन महिने मी पुन्यावरच हारून राहिलो होतो काय!” ज्यांच्या तोंडून तासभर ‘गंमत’शिवाय शब्द निघत नव्हता, ते आता जबाब देण्यासाठी रांग लावू लागले. दोन पेले पाणी पिऊन गोदामवाल्याने सगळं कबूल केलं. एका नातेवाइकाकडून त्याने जुन्या शर्यतींच्या चित्रफिती आणल्या होत्या. कोण जिंकणार हे त्याला आधीच ठाऊक असायचं. पुढे रेसकोर्सकडून लेखी खुलासा आला, तो म्हाताऱ्यांच्या सांगण्याशी तंतोतंत जुळला. जुगाराबरोबर फसवणुकीचं कलमही लागलं. न्यायालयात त्याने गुन्हा मान्य केला.

छाप्याच्याच संध्याकाळी बाई वडिलांना न्यायला आल्या. खबर कुणी दिली हे मी सांगणार नव्हतो. त्यांनीच सांगितलं.

“बाबा, मीच साहेबांकडे आले होते.”

“बरं केलं,” म्हातारे म्हणाले. बस, एवढंच.

“पण तुम्ही मला सांगितलं का नाही, की नुसते घोडे पाहायला जाता?”

“तुले घोड्याचं नाव काढलं की राग येते. आन तुहा राग खराच हाय पोरी. तू लहान होती तवा मी दुसऱ्याच्या पिल्लाले दूध पाजत होतो.”

मी लॅपटॉप बाईंकडे वळवला आणि ती शर्यत लावली. चांदवाली घोडी शेवटच्या वळणावर सगळ्यांच्या मागे होती. मग ती बाहेरच्या बाजूने सुटली. एकेकाला मागे टाकत ती पुढे येऊ लागली तशा बाई नकळत उभ्या राहिल्या. घोडी जिंकली तेव्हा त्यांनी वडिलांचा दंड घट्ट धरला होता. “बाबा, ही तुमी वाढवली?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही आमच्या वऱ्हाडीत.

निवृत्तीनंतर मी अमरावतीला स्थायिक झालो. एकदा मुलाकडे पुण्याला गेलो असताना बाईंचा फोन आला. त्या वडिलांना घेऊन पुण्यात आल्या होत्या. मोठ्या शर्यतीचा दिवस होता. “तुम्हीही या,” म्हणाल्या. आम्ही तिघं साध्या तिकिटाच्या स्टँडमध्ये उभे राहिलो. सट्टा कुणीच लावला नाही. म्हातारे घोड्यांच्या चाली, कान, शेपट्या दाखवून आम्हाला शिकवत होते. बाई टाचा उंचावून असं ओरडत होत्या की पुढचे लोक वळून पाहत होते. एका शर्यतीत एक कोवळी घोडी अगदी शेवटी आली. सगळे जिंकणाऱ्याकडे पाहत होते, आणि म्हातारे तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

“बाबा, ती तर हरली,” मी म्हणालो.

“पयलीच शर्यत होती तिची. घाबरली नाही, वाकडी गेली नाही, सरळ पळाली. अजून काय पाह्यजे साहेब?”

‘किती लावले? कुणाकडे दिले? कोण जिंकलं?’ तपासात आयुष्यभर मी हेच प्रश्न विचारत आलो, आणि ते विचारावेच लागतात. पण जिथे माणसं जमतात तिथे प्रत्येक जण एकाच कारणाने येतो, हे गृहीत धरण्याची माझी सवय या प्रकरणाने मोडली. नंतरच्या प्रत्येक चौकशीत मी शेवटी एक जादा प्रश्न विचारू लागलो, “तुम्ही इथे कशासाठी येता?” त्याची उत्तरं कागदावर फारशी उतरली नाहीत. पण कितीतरी माणसं मला त्या उत्तरांतूनच कळली.