बादल्या ओढून काढलेली पट्टी

आमच्या मालकांची उजवी पोटरी चालताना आवळून यायची. शंभरेक पावलं गेली की थांबायचे. जरा उभे राहिले की कळ जायची. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पाय तपासला. म्हणाले, "पायाची रक्ताची नळी चोंदली आहे. अशा माणसाच्या काळजाचीही चोंदलेली असू शकते. दम लागल्यावर काळीज कसं चालतं, ते पाहिल्याशिवाय मळ्यात राबू देणार नाही."

आमचा संसार त्या भाजीच्या मळ्यावरच होता. मी दाराशी पदर ओढून बसले होते.

लाकडी पायरीवर त्यांना चढ-उतर करायला लावलं. मग लगेच छातीला वायरी लावून यंत्रातून कागदाची पट्टी काढायची होती. पण दम लागायच्या आधीच पोटरी आवळली.

"आता कसं कळणार?" डॉक्टर म्हणाले.

परक्या पुरुषाशी मी कधी बोलत नसे. यांच्याकडेच पाहून हळू म्हटलं, "पाय थकते, पन हात कुठी थकते? हिरीचं पानी ओढाले लावा म्हना."

डॉक्टरांनी ऐकलं. आम्हाला दवाखान्यामागच्या विहिरीवर नेलं. "भराभर ओढा, आणि पाणी परत आत सोडा."

पण काढलेलं पाणी आमच्याकडे विहिरीत परत टाकत नाहीत. हे प्रत्येक बादली घेऊन पलीकडच्या केळीला जाऊ लागले. चौथ्या खेपेला पोटरी धरून खाली बसले.

"अहो, चालायचं नाही म्हणून तर इथं आणलं!"

"मंग पानी वाया जाऊ द्याचं काय, साहेब?"

मला राहवलं नाही. पदर खोचून उठले. "तुमी निसते ओढा. केळीले मी टाकतो."

कळ गेल्यावर यांनी पुन्हा ओढायला घेतलं. घाम फुटला, दम लागला. यंत्र मागच्या ओसरीत आणून ठेवलं होतं; तिथंच निजवून पट्टी काढली. डॉक्टरांनी ती उजेडात धरून दोनदा पाहिली.

"काळीज ठीक दिसतंय. मळा करा. विडी सोडा. रोज चाला. दुखलं की थांबा, मग पुन्हा चाला."

"अन् तुमच्या केळीले आळं नीट नाई, साहेब," हे म्हणाले. डॉक्टर मोठ्यानं हसले.

विडी सुटायला मात्र फार दिवस गेले. आता मळ्याच्या वाटेवर हे थांबले, की मीही डोक्यावरची पाटी उतरवते आणि चुंबळ नीट करते. चुंबळ तशी ठीकच असते.