गोणीत न मिळणारी गोधडी

द्रौपदाबाईंचं आधी नाक लाल होतं आणि मग तोंड सुटतं, हे लेण्याद्रीच्या खालच्या सगळ्या गावांना ठाऊक आहे. चाळीस वर्षं त्या गोधड्या शिवताहेत. बुद्धवस्तीच्या तोंडाशी पत्र्याची शेड, जमिनीवर अंथरलेली गोधडी आणि तिच्यावर बसून टाके घालत मागे मागे सरकणाऱ्या द्रौपदाबाई. टाका वाकडा गेला तर अख्खी ओळ उसवतील. गिऱ्हाइकानं घाई केली तर त्याचं कापड त्याच्याच हातात परत देतील.

यंदा गावच्या हायस्कुलातल्या जागृती मॅडम त्यांच्याकडे आल्या. मंचरच्या दुकानदाराची ही लेक, रोज एसटीनं शिकवायला येते. शाळेत मुलींना संडास नाही. द्रौपदाबाईंची आठवीतली नात कल्याणी त्यापायी महिन्यातले चार दिवस शाळा बुडवते. मॅडमनी बेत मांडला. प्रत्येक मुलानं घरातली एक जुनी साडी नाहीतर लुगडं आणायचं, द्रौपदाबाईंनी त्याच्या बारा गोधड्या शिवायच्या आणि स्नेहसंमेलनात विकायच्या. बाराही गेल्या तरच संडास उभा राहणार होता.

"दोरा शाळेचा, हात माझं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मजुरी नगं."

कापडांची गाठोडी आली आणि त्यांच्यामागोमाग शाळा समितीचा अध्यक्ष सावळेराम आला. शेडच्या बाहेरच उभा राहिला.

"येक करा. वस्तीवरच्या पोरांची कापडं येकाच गोधडीत घ्या. माझं काय न्हाई वो, पण लोकं अंगावर घेनार. लोकांचं बघावं लागतं."

कुणाचंच काही नसतं! जो तो लोकांच्या नावानं बोलतो, आणि ते लोक कधी कुणाला भेटत नाहीत. याची आई गेली तेव्हा तिच्या लुगड्यांची गोधडी यानं द्रौपदाबाईंकडूनच शिवून नेली होती. हात चालतात, कापड चालत नाही.

नाक लाल झालं. तेवढ्यात दप्तर घेऊन कल्याणी आली. द्रौपदाबाईंनी तोंड मिटलं, "बघते" म्हणाल्या, आणि गिळलेला तो राग महिनाभर त्यांच्या पोटात जळत राहिला. सावळेराम गेल्यावर त्यांनी कात्री घेतली. प्रत्येक घरच्या कापडाच्या बारा पट्ट्या केल्या आणि बाराही गोधड्यांत एकेक घातली.

संमेलनात त्यांनी माइक मागून घेतला. "हरेक गोधडीत समद्या घरांची कापडं हायेत. आमची पन. ज्याला इटाळ व्हत असंल त्यानं हात लावू नये."

सावळेराम उठून चालता झाला. मग पोरंच आपल्या आईची साडी शोधायला पुढे धावली, आणि त्यांच्यामागून आया आल्या. अकरा गोधड्या गेल्या. बारावीला कुणी हात लावेना, आणि तिच्या पैशांवाचून गवंडी यायला तयार होईना.

चार दिवसांनी भर दुपारी सावळेरामची बायको कुशाबाई शेडमध्ये आली. पदराला पैसे बांधलेले, काखेत खताची रिकामी गोणी.

"आमच्या पोरानं आणल्यालं आत्याबाईचं, मालकांच्या आयचं, लुगडं हाय न्हवं हिच्यात?"

"हाय. कल्याणीच्या आयच्या साडीला लागून."

कुशाबाईनं त्या पट्टीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरले. मग तिनं गोणीचं तोंड उघडलं. "हिच्यात घाला. आमचं मालक पारावर बसल्यात."

महिनाभराचा राग उसळून वर आला. "गोनीत न्हाई मिळायची!"

"अवो, पैसं देतीय ना मी!"

"ठिवा तुमच्यापाशी. चोरून न्यायला काय गांजा हाय ह्यो? उघडी न्यायची आसंल तर न्या."

"आज्जे, संडास..." दारातून कल्याणी म्हणाली.

"गप!"

नातीवर द्रौपदाबाई उभ्या जन्मात ओरडल्या नव्हत्या. पोरीचा संडास आपण आपल्या हातानं घालवतोय, हे त्यांना कळत होतं, लाजही वाटत होती, पण गोधडीवरची मूठ सैल होत नव्हती.

कुशाबाईनं एकदा पाराकडे पाहिलं. मग तिनं गोणी खाली टाकली, पैसे कात्रीशेजारी ठेवले आणि गोधडी ओढून घेतली. त्या रणरणत्या उन्हात ती पुरी उलगडून पाठीवर पांघरली आणि पाराच्या रस्त्याला लागली.